कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं तैलचित्र : कामाच्या नोंदी

१४ जून २०२५

चित्र आज दुरुस्तीला आलं. वकीलसाहेबांनी स्वतः रिक्षातून आणलं, सोलापुरी चादरीत गुंडाळून, मांडीवर उभं धरून. वाटेत खड्ड्यांनी जे सांडायचं ते सांडलंच. चादर परत दिली नाही. टेबलावर पसरून रंगाचे कपचे चिमट्याने वेचले आणि कुठल्या घडीत काय सापडलं ते लिहून पाकिटांत भरले. मोठे सतरा, बाकी भुगा.

कॅनव्हास ३० बाय २५ इंच. इंग्लंडमध्ये व्यक्तिचित्रासाठी कॅनव्हासची ठरावीक मापं होती, त्यातलं हे ‘थ्री-क्वार्टर’. चित्रात कमरेपर्यंतचा बसलेला माणूस, काळा झगा, गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या, डाव्या हातात पुस्तक. वॉर्निश इतकं काळवंडलंय की माणसाचं वय चाळीस की साठ ते कळत नाही.

घराची वाटणी होते आहे म्हणून चित्र विकायचं. मुंबईच्या एका लिलावघराने नोव्हेंबरच्या लिलावात घ्यायचं कबूल केलं आहे. त्यांच्या मसुद्यात ‘युरोपीय पाद्री, ब्रिटिश शैली’ असं लिहिलेलं. वकीलसाहेबांच्या घरात मात्र हा कायम ‘पहिला वकील’ होता. आजोबांनी ऑफिसात लावला, झगा आणि पट्ट्या बघून पक्षकारांना वाटायचं की हे आजोबांचे वडील. आजोबांनीही कधी ‘नाही’ म्हटलं नाही म्हणे.

पट्ट्यांवरून निकाल लागत नाही हे खरंच. प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक त्या घालत, बॅरिस्टर घालत, विद्यापीठातले पंडितही घालत. आपले वकील आजही घालतात.

१७ जून

खालचे सहा इंच वाईट अवस्थेत आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा चित्र भिंतीवरच होतं आणि पाणी चौकटीच्या खालच्या भागापर्यंत चढलं. मागे फळीच्या फटीतून कॅनव्हासवर तपकिरी रेघ उमटलेली दिसते, अगदी नदीच्या घाटावर उमटते तशी. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी चित्र गच्चीवर उन्हात वाळवलं. काळजीनेच केलं, पण त्यानेच जास्त नुकसान झालं. ओला कॅनव्हास आवळतो, वरचा रंगाचा थर आवळत नाही, मग तो कडा उचलून वाटीसारखा होतो आणि सुटतो.

त्यानंतर कुणीतरी खालच्या डाव्या कोपऱ्यात तपकिरी रंग फासून भेगा बुजवल्या आहेत. पुस्तकाचा अर्धा भाग त्याखाली गेला आहे.

आज सुटत्या भागावर जपानी कागद पातळ सरसाने चिकटवला. आता निदान पडायचं थांबेल.

२१ जून

चौकटीची मागची फळी काढली. खिळे गंजलेले, फ्रेमवाल्या मामांना बोलावलं. जुन्या सागवानाला ते असा हात लावतात की खिळा स्वतःहून बाहेर येतो.

फळीमागे दोन गोष्टी मिळाल्या.

पहिली, कॅनव्हासवर शिक्का : विन्सर अँड न्यूटन, लिमिटेड, आणि खाली लंडनच्या रॅथबोन प्लेसचा पत्ता. ही रंगवाली पेढी १८३२ मध्ये सुरू झाली, पण ‘लिमिटेड’ झाली १८८२ मध्ये. म्हणजे हा कॅनव्हास १८८२ च्या आधीचा असूच शकत नाही. शिक्का लंडनचा म्हणून चित्र लंडनला काढलं, असं मात्र धरता येत नाही. हे कॅनव्हास जहाजाने मुंबईला येत आणि इथले चित्रकारही तेच वापरत.

दुसरी, कॅनव्हास ज्यावर ताणून बसवतात त्या ताणपट्टीच्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेली मोडीतली एक ओळ. मला मोडीतलं ‘श्री’ आणि आकडे एवढंच लागतं. फोटो काढून मोडी वाचणाऱ्या गुरुजींकडे पाठवला आहे.

२३ जून

गुरुजींचा सकाळीच फोन. ओळ अशी : “बंगल्यावरील लिलावांत घेतली. रुपये ११. सन १९२१.”

वकीलसाहेबांना वाचून दाखवलं तर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आजोबांचं अक्षर आहे ताई.” कुठला बंगला ते ओळीत नाही. घरात ‘मिशनच्या बंगल्याचं सामान निघालं होतं’ एवढं बोललं जायचं.

तर चित्र १८८२ ते १९२१ च्या दरम्यानचं. आणि हा त्याचा पहिला लिलाव नाही. कोल्हापुरात एकदा ११ रुपयांना ते विकलं गेलेलं आहे.

कायद्याच्या बाजूनेही या ओळीला वजन आहे. पुरावशेष आणि कलासंपदा कायदा १९७२ चा, तो लागू झाला १९७६ मध्ये. त्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं चित्र हे पुरावशेष. त्याची नोंदणी लागते, मालक बदलला की कळवावं लागतं आणि ते देशाबाहेर विकायला नेता येत नाही. वकीलसाहेबांना मी हे सांगायला गेले तर त्यांनी मलाच कलमं ऐकवली.

२ जुलै

लिलावघराचा मेल. चित्र कोल्हापूरचं आहे, मिशनच्या बंगल्यातलं आहे, तर हे ‘रेव्हरंड वाइल्डर’ असतील का?

विचारणं साहजिक आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. इथलं मिशन त्यांनी उभं केलं आणि वाइल्डर मेमोरियल चर्चला त्यांचंच नाव आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरात १८६३ ला जन्मला आणि पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मोठ्या मिशनरी चळवळीचा पुढारी झाला. पण वाइल्डर १८७० च्या दशकातच अमेरिकेला परतले आणि १८८७ मध्ये न्यूयॉर्कला वारले. कॅनव्हास १८८२ नंतरचा. ते समोर बसून हे चित्र कोल्हापुरात काढलं गेलं, हे जमत नाही. नंतर फोटोवरून कुणी काढलं असेल का, तर असू शकतं. पण ‘असू शकतं’वर नाव छापायचं नसतं. तसंच कळवलं.

९ जुलै

पाऊस धरून आहे. खोलीतली आर्द्रता ८० च्या खाली येईना. आर्द्रता शोषणारं यंत्र दिवसरात्र चालू, दर चार तासांनी त्यातलं पाणी ओतायचं. अशा हवेत वॉर्निश काढायला घेतलं तर पृष्ठभाग पांढुरका पडतो. तोवर खालचा भाग बसवायचं काम. वाटीसारख्या उचललेल्या प्रत्येक कपच्याखाली स्टर्जन माशाचा सरस बारीक ब्रशने सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग सिलिकॉनच्या कागदावरून कोमट चमच्याने दाबायचं. दिवसाला दोन चौरस इंच होतात. शिकायला येणारी कलानिकेतनची मुलगी आधी कंटाळली होती. आज तिने स्वतः एक ओळ पूर्ण केली आणि मला हाक मारून दाखवली.

२६ जुलै

खोली पूर्ण अंधारी करून अतिनील दिव्याखाली पाहणी. नैसर्गिक राळेचं जुनं वॉर्निश हिरवट चमकतं, तसं ते वरचा सगळा भाग भरून चमकलं. कोपऱ्यातला २०१९ नंतरचा रंग काळा डाग होऊन उठून दिसला. काम सोपं झालं : काळं दिसतं ते नंतरचं, ते निघणार.

चेहऱ्यावर मात्र एकही काळा डाग नाही. चेहऱ्याला चित्रकारानंतर कुणीही हात लावलेला नाही. एवढ्या वर्षांत, एवढ्या हातांतून जाऊन.

४ ऑगस्ट

धूळ, काजळी आणि तेल काढायला सुरुवात. तेल म्हणजे खोबरेल. दर दिवाळीला चित्र खोबरेलाने पुसायची घरची पद्धत. वकीलसाहेबांच्या आईंनी मला मोठ्या प्रेमाने सांगितलं की त्याने ‘चेहऱ्याला तेज यायचं’. तेज यायचं हे खरंच आहे, ओला पृष्ठभाग गडद आणि चमकदार दिसतोच. पण जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, खोबरेल वाळत नाही. ते चिकट राहतं आणि उदबत्तीचा धूर, धूळ सगळं धरून ठेवतं. ज्यांच्या घरी जुनं तैलचित्र आहे त्यांना हात जोडून सांगते : तेल नको, बटाटा नको, कांदा नको, ओलं फडकंही नको. मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ झटकावी, बस.

तेल व्हाइट स्पिरिटने सुटलं. त्याखालची काजळी थुंकीने. ऐकून लोक नाक मुरडतात, पण जगभरच्या संग्रहालयांत हे चालतं. थुंकीत विकर (एन्झाइम) असतात आणि ती रंगाला इजा करत नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, ओला करायचा, फिरवायचा, टाकायचा. आज १४० बोळे झाले.

१२ ऑगस्ट

पुस्तकाच्या पाठीवर अक्षरं आहेत.

सोनेरी दिसावीत म्हणून पिवळ्या मातीच्या रंगात काढलेली, देवनागरी. पुस्तक तिरकं धरलंय, त्यामुळे शिरोरेषाही तिरकी. अर्धा भाग कोपऱ्यातल्या रंगाखाली, उरलेला स्पष्ट : ‘करार’.

मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जाऊन आले. पुन्हा पाहिलं. करार.

वकीलसाहेबांना फोन केला, ते कोर्टातून थेट इकडे. भिंगातून पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. “बघा ताई! कराराचं पुस्तक. काँट्रॅक्ट. मी म्हणत नव्हतो?”

मला दुसरं काहीतरी वाटत होतं, पण मी बोलले नाही. कोपऱ्यातला रंग अजून निघालेला नव्हता.

१९ ऑगस्ट

कालपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. वकीलसाहेब दोन दिवस त्याच धावपळीत. या बेंचसाठी त्यांच्या वडिलांच्या पिढीपासून माणसं रस्त्यावर उतरली होती. संध्याकाळी नवा गाऊन आणि कडक इस्त्रीचे बँड घालूनच ते वर आले. चित्रासमोर उभे राहिले तेव्हा दोघांच्या गळ्याशी तेच दोन पांढरे तुकडे. फोटो काढून ठेवला. तो कामाच्या फाइलीत जाणार नाही, त्यांना देणार.

२२ ऑगस्ट

कोपऱ्यातला रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या सौम्य मिश्रणाने मऊ झाला आणि सुरीच्या पात्याने कण कण उचलता आला. खाली मूळ रंग बऱ्यापैकी शाबूत. दुपारी तीनच्या सुमारास ‘वा’ दिसला. पाचला ‘न’.

नवा करार.

संशय राहिला नाही. बायबलाच्या दुसऱ्या भागाला मराठी ख्रिस्ती माणसं नवा करार म्हणतात. हा धर्मोपदेशक आहे, आणि त्याने चित्रासाठी हातात घेतलेलं पुस्तक मराठी आहे. चित्रकाराचा हातही देवनागरीला सरावलेला दिसतो. ‘र’ची शेपटी न बघता काढल्यासारखी सहज आली आहे.

वकीलसाहेबांना सांगायला जड गेलं. ते एवढंच म्हणाले, “म्हणजे आमचा नव्हे.” मग थोड्या वेळाने, “पण शंभर वर्षं आमच्यात राहिला.”

६ सप्टेंबर

आज अनंत चतुर्दशी. आमच्या गल्लीच्या तोंडावरून मिरवणूक मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश, महाद्वार रोड करत पंचगंगेकडे जाते. ध्वनियंत्रणेच्या भिंती लागल्या की खिडक्यांच्या काचा थरथरतात, नुकते बसवलेले कपचे हादरतील. म्हणून चित्र सकाळीच मामांकडे हलवलं आणि आडवं ठेवलं, खाली फोम. मामांनी रात्रभर दुकान उघडं ठेवलं.

२० सप्टेंबर

हवा कोरडी होऊ लागली. वॉर्निश काढायला घेतलं. पहिली खिडकी, म्हणजे आधी साफ करून बघायचा छोटा चौकोन, पट्ट्यांवर : आतून थंड, निळसर पांढरा. दुसरी कपाळावर.

कपाळ गोरं झालं नाही.

आधी वाटलं, वॉर्निशचा आणखी एक थर राहिला असेल. अतिनील दिवा लावला, हिरवट चमक नाही. थर संपलाय. शेजारच्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र आणि कपाळ गव्हाळ. गोऱ्या कातडीला चित्रकार गुलाबी आणि शिंदुरी वापरतात. इथे पिवळी माती, गेरू आणि सावलीत अंबर ही गडद तपकिरी माती. ही सावळी कातडी आहे आणि ज्याने रंगवली त्याला ती रंगवायची सवय होती.

पिवळ्या वॉर्निशखाली सगळेच चेहरे सारखे तपकिरी दिसतात, त्यामुळे झगा पाहिला की साहेब असणार असं आपण धरून चाललो. लिलावघराने धरलं, मीही तीन महिने धरलं. पहिल्या दिवशी मीच ‘युरोपीय’ शब्द खोडला नव्हता.

२७ सप्टेंबर

मामा चौकटीचं माप घ्यायला आले होते. चेहरा आता अर्धा साफ. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक कॅनव्हासपासून वितभर. “ताई, ह्यांचा कान टोचलेला हाय की.”

कानाच्या पाळीवरचा तो बारीक काळा ठिपका मी माशीची विष्ठा म्हणून वहीत नोंदवला होता, काढायच्या यादीत. भिंगाखाली पाहिलं. ठिपका रंगाचा आहे, मूळ थरातला, ओल्यावर ओला ठेवलेला. त्याच्या खालच्या कडेला उजेडाची केसाएवढी रेघ. चित्रकाराने भोक बघून भोकच काढलं.

लहानपणी कान टोचलेला, मोठेपणी काळा झगा चढवलेला माणूस. बारशाच्या घरातून बाप्तिस्म्यापर्यंत गेलेला. अशी माणसं आपल्याकडे होती. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी, जालन्याचे नारायण शेषाद्री, १९०४ मध्ये दीक्षित पाळक झालेले नारायण वामन टिळक. नावं इतिहासात आहेत. तशीच कित्येक ज्यांची नावं फक्त एखाद्या मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, नोंदवहीत असतील.

मामांना चहा पाजला. ठिपका यादीतून काढला.

३ ऑक्टोबर

लिलावघराला सगळं कळवलं होतं. उत्तर आलं : ‘बाबा पदमनजी असण्याची शक्यता’ असं लिहू का? आणि चित्रकारासाठी ‘आबालाल रहिमान यांच्या वर्तुळातील’ चालेल का? चेहरा थोडा ‘उजळ’ केला तर छपाईत बरा दिसेल, असंही.

तिन्हींना नाही.

बेळगाव कोल्हापूरला जवळ आहे, याला पुरावा म्हणत नाहीत. आणि लिलावाच्या सूचीत शब्दाला शब्दाची किंमत असते. ‘अट्रिब्यूटेड टू’ म्हणजे बहुधा त्याच चित्रकाराचं. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच काळातल्या, त्याच्या जवळच्या कुणाचं. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे त्याच्या ढंगाचं, पण नंतरचं. ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्या चित्राची नक्कल. घेणारा या एकेका शब्दावर पैसे मोजतो. आबालाल हे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, कोटितीर्थाच्या काठी राहिले, १९३१ मध्ये गेले. त्यांचं बरंच काम हरवलं. म्हणूनच त्यांचं नाव फार जपून वापरायला हवं, नाहीतर हरवलेल्याच्या जागी भलतंच येऊन बसतं. या चित्रावर सही नाही. ब्रशची चाल कुणाशी ताडून बघावी असा पुरावा माझ्या हातात नाही. उजळ करण्याबद्दल मी फक्त एक ओळ लिहिली : त्या चेहऱ्याचा रंग हीच या चित्राची ओळख आहे.

वकीलसाहेबांचा पैशांचा प्रश्न आहे, नाव छापलं तर बोली चढेल, हे मला कळत होतं. म्हणून त्यांना आधी विचारलं. ते म्हणाले, “साक्षीदार नसताना नाव घालायचं नसतं, हे मी पक्षकारांना रोज सांगतो.”

११ ऑक्टोबर

ख्रिस्ती समाजातल्या एक निवृत्त शिक्षिका आजी बघायला आल्या. त्यांनी आयुष्यभर इथल्याच शाळेत शिकवलं. चित्रापुढे खुर्ची ठेवली, पण बसल्या नाहीत. “पाद्री नका म्हणू बाळ,” त्या म्हणाल्या. “आम्ही पाळक म्हणतो. मेंढरं पाळतो तो.” चेहरा त्यांनी ओळखला नाही. ओळखल्यासारखंही केलं नाही. निघताना चित्राला नमस्कार करून गेल्या.

२८ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा. झडलेल्या जागा खडू आणि सरसाच्या लुकणाने भरल्या, वर फक्त त्या जागांपुरता रंग, पुढे कुणालाही काढता येईल असा. चादरीतल्या सतरा कपच्यांपैकी चौदा आपापल्या जागी बसले. कॅनव्हासच्या मागची पुराची रेघ ठेवली, तिने आता इजा होत नाही. मोडीची ओळही उघडी ठेवली, मागच्या फळीला तिच्याजवळ खिडकी कापून. शेवटी पॅरालॉइड बी-७२ या कृत्रिम राळेचं पातळ वॉर्निश. ते जुन्या नैसर्गिक राळेसारखं पिवळं पडत नाही.

सूचीसाठी अंतिम मजकूर पाठवला : ‘मराठी ख्रिस्ती पाळकाचे व्यक्तिचित्र, हातात नवा करार. चित्रकार अज्ञात. कॅनव्हासवर तैलरंग, ३० बाय २५ इंच, इसवी १८८२ ते १९२१ च्या दरम्यान. मागे मोडी नोंद.’ त्यांनी तसाच छापला, शब्द न बदलता.

२४ नोव्हेंबर

चित्र विकलं गेलं. राखीव किमतीच्या वर, पण फार वर नाही. घेणारे देशातलेच. मालक बदलल्याचं कळवण्याचा अर्ज वकीलसाहेबांनी स्वतः लिहिला.

संध्याकाळी ते आले. ऑफिसच्या भिंतीवर खिळा तसाच आहे, तिथे चित्राचा फोटो मूळ मापात लावायचाय म्हणाले. खाली काय लिहायचं ते विचारलं. चिठ्ठीवर ‘पाळकसाहेब’ एवढं लिहून दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मामांनी सागवानाची पट्टी कापायला घेतली आहे.